आयुष्यभराच्या चाहत्याची बाजू

लहानपणी कानावर पडलेल्या एखाद्या गायकावर, गायन पार्टीवर किंवा बँडवर ज्याचा जीव जडला आणि पन्नाशी उलटली तरी तो तिथून हललेला नाही, अशा माणसाकडे आपण फारशा आदराने पाहत नाही. पुस्तकांचे वेड असलेला व्यासंगी ठरतो, जुनी नाणी जमवणारा अभ्यासक ठरतो. पण एकाच गाणाऱ्याच्या कॅसेटी ट्रंकेत जपून ठेवणारा माणूस घरच्यांच्या लेखी छांदिष्ट आणि बाहेरच्यांच्या लेखी जुन्या काळात अडकलेला. ही समजूत मला चुकीची वाटते, आणि तिच्यामुळे आपले नुकसानही होत आले आहे. महाराष्ट्रातल्या लोकसंगीताचा जो भाग आज शिल्लक आहे, त्यातला फार मोठा वाटा विद्यापीठांपेक्षा आणि सरकारी खात्यांपेक्षा अशा एकनिष्ठ ऐकणाऱ्यांनी राखला आहे. त्यांचे प्रेम ही खासगी हौस राहत नाही, ते सार्वजनिक काम होते. हे काम ते कुणाच्या सांगण्यावरून करत नाहीत आणि त्याचा मोबदलाही मागत नाहीत, म्हणून ते आपल्या नजरेत भरत नाही एवढेच.

पांढरकवड्यासारख्या गावातून पाहिले की ही गोष्ट जास्त स्पष्ट दिसते. नागपूर-हैदराबाद महामार्गावरचे, केळापूर तालुक्याचे हे मुख्यालय. कापसाचा मुलूख, एका अंगाला टिपेश्वरचे जंगल, पलीकडे पैनगंगा ओलांडली की तेलंगण. मराठी, गोंडी, कोलामी, तेलुगू आणि हिंदी या भाषा इथे शेजारी-शेजारी नांदतात. रोलिंग स्टोन्स 2003 साली मुंबईत वाजवून गेले, कोल्डप्लेचे कार्यक्रम जानेवारी 2025 मध्ये नवी मुंबईत झाले. असे दौरे या बाजूला वळत नाहीत. म्हणून इथल्या मुलाला लहानपणीचा लाडका बँड नसतो असे मात्र नाही. त्याचा बँड म्हणजे भीमजयंतीच्या मांडवात आलेली गायन पार्टी, गुरुदेव सेवा मंडळाचे खंजिरी भजन, नाहीतर ढोलावर रंगणारा ढेमसा. वाद्ये वेगळी, पोशाख वेगळा; पण आठ-दहा वर्षांच्या पोराने रात्री जागून तोंड उघडे टाकून एखाद्या गायकाकडे पाहत राहणे, त्याची गाणी पाठ करणे, तो पुन्हा कधी येणार याची वाट पाहणे आणि पुढे जन्मभर 'आमचा गायक' म्हणून त्याच्यासाठी भांडणे, हे लिव्हरपूलमध्ये जसे घडते तसेच इथे घडते.

हे प्रेम बालपणीच का जडते, यावर संशोधन झाले आहे. दहाव्या वर्षापासून पंचविशीपर्यंतच्या काळात ऐकलेले संगीत माणसाच्या आठवणीत सर्वांत घट्ट बसते, असे मानसशास्त्रज्ञांना पुन्हा पुन्हा आढळले आहे. त्याहून मोलाचा निष्कर्ष कॉर्नेल विद्यापीठातल्या कॅरोल क्रुमहान्सल आणि त्यांचे सहसंशोधक जस्टिन झुपनिक यांनी 2013 मध्ये मांडला. त्यांनी विशीतल्या तरुणांना वेगवेगळ्या दशकांतली लोकप्रिय गाणी ऐकवली. तरुणांच्या आठवणी स्वतःच्या वयातल्या गाण्यांशी जोडलेल्या निघाल्या, यात नवल नाही; पण त्यांचे आई-वडील तरुण असताना गाजलेल्या गाण्यांशीही तशाच आठवणी जोडलेल्या निघाल्या. याचा अर्थ बालपणीची आवड ही त्या मुलाची एकट्याची नसते. ती घरातून आलेली असते आणि पुढच्या घरात जायची असते. प्रल्हाद शिंदे, मग आनंद-मिलिंद, मग आदर्श, अशा शिंदे घराण्याच्या तीन पिढ्या गात आल्या हे सगळे सांगतात. त्यांना ऐकणाऱ्यांच्याही तीन पिढ्या झाल्या, हे कुणी सांगत नाही.

आता गायन पार्टीकडे थोडे जवळून पाहू. मांडवात रंग चढतो तो रात्री जेवणे आटोपल्यावर. मुख्य गायक पेटीवर, बाजूला ढोलकी किंवा तबला, एखादा बेंजो, मागे कोरस धरणारे दोघे-तिघे. दोन पार्ट्या असल्या तर सवाल-जवाबाचा मुकाबला. गाणे चालू असताना लोक उठून बिदागी देतात आणि गायक दोन ओळींच्या मध्ये देणाऱ्याचे नाव माईकवरून घेतो. ऐंशीच्या दशकात या मांडवात आणखी एक माणूस दिसू लागला: कर्ण्याच्या जवळची जागा धरून, मांडीवर टेपरेकॉर्डर घेऊन बसलेला. प्ले आणि रेकॉर्ड ही दोन्ही बटणे एकदम दाबायची, तीस मिनिटे झाली की फीत पालटायची, आणि पालटण्याच्या त्या घाईत गाण्याचा नेमका कोणता चरण निसटला हे पुढे आयुष्यभर लक्षात ठेवायचे. त्या फितीवर बिदागीची नावे आहेत, मध्येच रडलेले पोर आहे, आयोजकांच्या सूचना आहेत. आणि या सगळ्यात एक असे गाणे आहे जे त्या गायकाने त्याच रात्री, त्याच गावासाठी, एक कडवे बदलून म्हटले होते. स्टुडिओत ते कधीच ध्वनिमुद्रित झाले नाही. त्याची जगातली एकुलती एक प्रत या माणसाच्या ट्रंकेत आहे.

कागदावरचा पुरावाही याच दिशेने बोट दाखवतो. दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या पुस्तिका ज्यांनी चाळल्या असतील त्यांना ठाऊक असेल की गाण्याच्या डोक्यावर बहुधा एक छोटी सूचना असते: चाल अमुक गाण्याची. शब्द छापलेले, पण सुरांसाठी वाचणाऱ्याच्या आठवणीवर हवाला. ज्या सिनेमागीताची चाल आहे ते ऐकलेले कान असेपर्यंत ती पुस्तिका म्हणजे गाणे आहे. ते कान गेले की उरतात फक्त ओळी. जिथे चाल स्वतंत्र असते तिथे कागदाजवळ तेवढाही आधार नसतो. म्हणजे या संगीताचा अर्धा भाग ऐकणाऱ्याच्या डोक्यातच साठवलेला आहे. चाहत्याला इथे श्रोता म्हणणेसुद्धा अपुरे वाटते. तो त्या गाण्याचा दुसरा धनी आहे.

वामनदादा कर्डकांचेच पाहा. 15 ऑगस्ट 1922 रोजी सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मलेल्या या कवीला अक्षरओळख मोठेपणी झाली. पुढे त्यांनी हजारो गाणी लिहिली, गावोगाव फिरून गायली आणि मागेल त्या गायकाला देऊन टाकली. त्यांचे काही संग्रह प्रसिद्ध झाले, पण त्यांचे गाणे खरे पसरले ते वह्यांतून. ऐकणाऱ्याने ऐकून लिहून घेतले, दुसऱ्याने त्यावरून उतरवले, तिसऱ्याने पार्टीत गायले. शेवटच्या कडव्यात 'वामन' आले की गाणे दादांचे, ही खूण. पण ते कडवे गाताना गळाले, तर हे गाणे कुणाचे हे सांगणार कोण? अशा वेळी निवाडा करतो तो जुना चाहता. तो सांगतो की हे गाणे आधी अमक्या पार्टीने गायले होते, यात हा शब्द नव्हता, तो नंतर घुसडला. पदवीधर संशोधक पाठभेदांची जी चिकित्सा करतो तीच ही आहे. तिला टिपांचे परिशिष्ट नसते, इतकाच फरक.

एकनिष्ठ ऐकणाऱ्याचे हे स्थान आपल्याकडे नवीनही नाही. याच पट्ट्यात, पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर, गोंड आणि परधान यांचे जुने नाते आहे. परधान हे गोंडांचे परंपरागत गायक आणि कथेकरी. प्रत्येक परधान कुटुंबाची गोंड यजमान घरे पिढ्यानपिढ्या ठरलेली असत. देवपूजेला, मृत्यूनंतरच्या विधीला परधानाने यायचे, तीन तारांच्या किकरीवर त्या कुळाची कथा गायची आणि यजमानाने त्याला द्यायचे ते द्यायचे. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ यांनी 1940 च्या दशकात आदिलाबादकडच्या राजगोंडांमध्ये राहून या परंपरेची बारकाईने नोंद केली. मला त्यात महत्त्वाचे वाटते ते हे, की इथे ऐकणे हे कर्तव्य मानले गेले होते. गाणाऱ्यावर गाण्याची जशी जबाबदारी, तशी यजमानावर बोलावण्याची. कुळाची कथा चुकली तर ती चूक ओळखणारा यजमान समोर असे. आजचा चाहता हे नाते जन्माने घेत नाही, स्वतः निवडतो. हा फरक मोठा आहे आणि तो चांगलाच आहे. पण यजमानाने बोलावणे सोडले की किकरी भिंतीवर टांगून राहते, हे दोन्हीकडे सारखेच खरे आहे.

संस्था हे काम करतील असे म्हणावे, तर इतिहास फारसा भरवसा देत नाही. 1952 साली, बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री असताना, आकाशवाणीने हिंदी सिनेसंगीताला जवळजवळ दार बंद केले. शास्त्रीय संगीताविषयीची त्यांची कळकळ खरी होती, पण श्रोते उठले आणि रेडिओ सिलोनकडे गेले. 1957 मध्ये विविध भारती सुरू करावी लागली ती या श्रोत्यांमुळे. सिनेसंगीताच्या बाबतीत हे घडू शकले, कारण तो श्रोता संख्येने अफाट होता. जयंतीच्या मांडवातल्या गायकासाठी कुणी वाहिनी सुरू केली नाही. आनंद पटवर्धन यांच्या 'जय भीम कॉम्रेड'सारखा, चौदा वर्षे खपून केलेला माहितीपट या गायकांपर्यंत पोचला खरा, पण असे काम विरळा. बाकी सारे चाहत्यांच्या जिवावर.

बाहेरच्या जगातली साक्ष काढायची तर अमेरिकेतल्या ग्रेटफुल डेड या रॉक बँडची काढावी लागेल. 1965 साली सुरू झालेल्या या बँडने आपल्या मैफली ध्वनिमुद्रित करायला चाहत्यांना मोकळीक दिली, पुढे तर त्यांच्यासाठी वेगळी जागाच राखली. शेकडो माणसे वर्षानुवर्षे बँडच्या मागे फिरली आणि फिती एकमेकांना देत राहिली. त्यांच्यातलाच एक, डिक लॅटव्हाला, पुढे बँडचा अधिकृत संग्रहपाल झाला. 8 मे 1977 रोजी कॉर्नेल विद्यापीठात झालेली त्यांची मैफल आज अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत आहे. तिची कीर्ती फितींची देवघेव करणाऱ्यांनी आधी घडवली, राष्ट्राने मोहोर नंतर उमटवली. मांडीवर टेपरेकॉर्डर घेऊन मांडवात बसलेला माणूस हेच करत होता. तिकडे त्याला संग्रहपाल म्हणाले. इकडे त्याच्या मुलांनी घर रंगवताना कॅसेटी भंगारात दिल्या.

या म्हणण्यावर पहिला आक्षेप येईल तो विभूतिपूजेचा, आणि महाराष्ट्रात तो हलक्याने घेता येणार नाही. 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावले होते की धर्मात भक्ती मुक्तीकडे नेत असेल, पण राजकारणात व्यक्तिपूजा अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. मग बाबासाहेबांचीच गाणी गाणाऱ्या गायकाचे आयुष्यभर चाहते असणे, हे त्या इशाऱ्याच्या विरोधात जात नाही का? आक्षेप वजनदार आहे. पण चाहत्याची निष्ठा आणि भक्ताची निष्ठा यांत एक फरक प्रत्यक्षात दिसतो: चाहता तपासतो. लता मंगेशकरांच्या बाबतीत हे ठळकपणे घडले. 1974 च्या सुमारास गिनीज बुकाने त्यांच्या नावे पंचवीस हजारांहून अधिक गाणी नोंदवली. मोहम्मद रफी यांनी त्याला हरकत घेतली. वाद मिटवला तो गाणी मोजणाऱ्यांनी. कानपूरचे हरमंदिर सिंग 'हमराज' यांनी 'हिंदी फिल्म गीत कोश'चे खंड तयार केले, विश्वास नेरुरकरांसारख्या संग्राहकांनी लतादीदींच्या गाण्यांची सूची केली, आणि हिंदी चित्रपटगीतांचा खरा आकडा पाच हजारांच्या आसपास असल्याचे दिसले. गिनीजने पुढे ती नोंदच काढून टाकली. आपल्या दैवताचा आकडा पाचपटीने खाली आणणारी ही माणसे त्या आवाजावर जीव टाकणारीच होती. आंधळ्या भक्ताला पंचवीस हजार पुरले असते. वामनदादांच्या चाहत्यालाही हेच लागू होते. बाबासाहेबांच्या पश्चात पुढाऱ्यांनी चळवळीच्या ज्या चिरफळ्या केल्या, त्यावर वामनदादांनी गाण्यांतून कोरडे ओढले. ती गाणी पाठ असलेला श्रोता पुढाऱ्यापुढे सहजी मान तुकवत नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक खरा वाटतो: चाहता कलावंताला जखडून टाकतो. बालगंधर्वांइतके दुःखद उदाहरण मराठीत दुसरे नाही. 1935 साली प्रभातच्या 'धर्मात्मा' चित्रपटात त्यांनी संत एकनाथांची भूमिका केली. ज्यांनी त्यांना भामिनी, रुक्मिणी, सिंधू म्हणून डोक्यावर घेतले होते त्या प्रेक्षकांना ते पुरुषवेशात रुचले नाहीत. ते रंगभूमीवर परतले आणि वय झाल्यावर, शरीर थकल्यावरही स्त्रीभूमिका करत राहिले. त्यात कर्जाचा भाग होता, त्यांच्या स्वभावाचाही होता. पण तेच रूप पुन्हा पुन्हा मागणाऱ्या चाहत्यांचा भागही नाकारता येणार नाही. बॉब डिलनने 1965 मध्ये न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात इलेक्ट्रिक गिटार हाती घेतली तेव्हा त्याच्याच चाहत्यांनी हुर्यो केली. हा दोष आहे, आणि तो मान्य केल्याशिवाय चाहत्याची बाजू मांडता येणार नाही. राखणदाराने जे राखायचे ते गाणे. गाणारा त्याच्या राखणीतला ऐवज नव्हे. जुने गाणे जिवापाड जपा, पण गायकाला नवे गाऊ द्या, एवढी शिस्त चाहत्याने पाळलीच पाहिजे. मात्र याच बालगंधर्वांच्या ध्वनिमुद्रिका जपून, त्यांतल्या ताना पुढच्या गायकांच्या कानी घालणारेही चाहतेच होते, हेही त्याच हिशेबात धरावे लागेल.

तिसरा आक्षेप बाजाराचा: चाहता म्हणजे नुसता गिऱ्हाईक. कोल्डप्लेच्या तिकिटांसाठी 2024 च्या सप्टेंबरात संकेतस्थळ कोलमडले आणि फेरविक्रीचे भाव लाखांत गेले, तेव्हा असे वाटणे स्वाभाविक होते. पण बाजाराला हवा असतो तो दर हंगामाला नवे काही विकत घेणारा. चाळीस वर्षांपूर्वीच्या गायन पार्टीची तीच ती फीत ऐकणाऱ्याकडून बाजाराला एक पैसा मिळत नाही. गिऱ्हाईक म्हणून हा माणूस अगदी कुचकामी आहे.

घाई करायचे कारण वेगळेच आहे. वामनदादा 15 मे 2004 रोजी गेले आणि प्रल्हाद शिंदे त्यानंतर जेमतेम सहा आठवड्यांत, 23 जून रोजी. लोकशाहीर विठ्ठल उमप नोव्हेंबर 2010 मध्ये नागपुरात, व्यासपीठावरच कोसळले आणि गेले. गाणाऱ्यांची ती पिढी संपली. आता त्यांना तरुणपणी समोर बसून ऐकणारी पिढी साठी-सत्तरीच्या पलीकडे आहे, आणि त्यांच्याजवळच्या फितींचेही वय झाले आहे. चुंबकीय फितीवरचा थर सुटू लागतो, दमट हवेत तिला बुरशी धरते, फितीचे वेढे एकमेकांना चिकटतात. अशी फीत साध्या टेपरेकॉर्डरात घालून जोरात पुढे-मागे फिरवली की तुटते, आणि तिच्यावरचे गाणे जाते ते जातेच.

म्हणून पांढरकवड्यातल्या, केळापूर तालुक्यातल्या आणि अशा प्रत्येक तालुक्यातल्या सार्वजनिक ग्रंथालयांना, महाविद्यालयांच्या मराठी विभागांना आणि जयंती उत्सव समित्यांना माझी विनंती आहे. यंदाच्या वर्गणीतला थोडा पैसा डीजेच्या भिंतीऐवजी एका चांगल्या कॅसेट-डेकवर आणि संगणकावर खर्च करा. गावातल्या जुन्या चाहत्यांची यादी करा. ती माणसे कोण हे गावाला ठाऊकच असते. त्यांच्या फिती उतरवून घ्या आणि प्रत्येकीवर गायक, पार्टी, गाव, अंदाजे साल आणि फीत कुणी भरली त्याचे नाव, एवढे तरी लिहा. वह्यांची पाने छायाचित्रित करा. आणि चाहत्यालाच समोर बसवून, वहीतल्या प्रत्येक गाण्याची चाल गुणगुणून घ्या, कारण ती वहीत नाही. किकरी वाजवणारा परधान जवळपास असेल तर त्याला आणि त्याच्या यजमानाला एकत्र बोलवा. ज्यांच्या घरी अशी ट्रंक आहे त्यांनी ती भंगारवाल्याला देण्याआधी, आणि येत्या पावसाळ्याआधी, एकदा उघडून पाहावी.